फिजिक्सच्या आधीचा बोकड

दामिनी हुशार होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, पोरगी मठ्ठ होती आणि आईबापांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवली होती. तसं अजिबात नव्हतं. धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. त्या गावातून दहावीनंतर सायन्स घ्यायची हिंमत दोघींनीच केली. एक दामिनी आणि दुसरी समोरच्या घरातल्या सावळीची लेक, भूमिका. दामिनीला नाद बायोलॉजीचा. घरी कोंबडी कापली की साफ करायला हीच बसायची, आणि काळीज इकडे, आतडी तिकडे, पित्ताची पिशवी हलक्या हातानं तिसरीकडे असं ताटात मांडून बघत राहायची. चूल पेटवून बसलेली आई, हौसा, वैतागून विचारायची, "अगो, रस्सा आज व्हायचा का उद्या?"

हौसा म्हणजे शाळेची पायरी न चढलेली बाई. भात लावायचं, भाजी काढून धसईच्या बाजारात विकायची, आणि नवरा दामू गवताचा टेम्पो घेऊन भिवंडीकडे गेला की घर एकटीनं ओढायचं, यात तिचं आयुष्य गेलं. दामिनी अकरावीला असताना हौसाला शेतात पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यात पडून होती तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं तिला इतकं मायेनं सांभाळलं की घरी आल्यावर हौसा आधी गावदेवीपुढे गेली आणि नवस बोलून आली, माझी पोर सिस्टरच्या कॉलेजात जाऊ दे, तुला बोकड देईन. हे काही तिनं चोरून ठेवलं नाही. आल्यागेल्याला सांगितलं. बोकडसुद्धा तेव्हाच ठरवून टाकला, घरच्या शेळीचा, काळाभोर.

आता फिजिक्सचं ऐका. दामिनी आणि भूमिका ज्या कॉलेजात जात, तिथले फिजिक्सचे सर बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला म्हणून गेले ते गेलेच. कुठे लांब त्यांना कायमची नोकरी लागली म्हणे. त्यांच्या जागी कुणी येईल, येईल म्हणता वर्ष सरलं. पण सगळं खापर सरांवर फोडून चालायचं नाही. पुस्तक होतं की नाही? मोबाइल होता की नाही? भूमिकानं मोबाइलवर बघून बघून, रडतखडत का होईना, फिजिक्स केलं. दामिनीनं काय केलं? सोडून दिलं. बायोलॉजीत वर्गात पहिली येणाऱ्या पोरीला फिजिक्सचं पुस्तक उघडलं की आपण ढ आहोत असं वाटायचं, आणि ते वाटून घ्यायची तिला सवय नव्हती. म्हणून तिनं पुस्तकच उघडायचं बंद केलं.

त्यातच तिला कळलं की नर्सिंगच्या सीईटीत फिजिक्सचे प्रश्न थोडेच असतात, आणि उत्तर चुकलं तरी मार्क कापत नाहीत. मग तर काय, रान मोकळं. बारावीचा निकाल लागायच्या आधीच सीईटी झाली. कॉम्प्युटरवर प्रश्न येत गेले. बायोलॉजी आली की ही खूश. इंग्रजी बरी. पेशंटशी कसं वागाल, असले प्रश्न आले तेव्हा तर तिनं आईच्या त्या सिस्टरला डोळ्यांपुढे ठेवलं आणि धडाधड उत्तरं दिली. आणि फिजिक्सचा प्रश्न आला की न वाचता सरसकट 'बी' दाबलं. परत येताना शहापूरच्या स्टँडवर भूमिकाला तिनं हे हसत हसत सांगितलं. भूमिका हसली नाही. ती म्हणाली, अगो पण बारावीच्या पेपरात 'बी' नसतं ना.

मग बारावीचा निकाल लागला. मोबाइलवर निकाल बघताना बैठक क्रमांक घालावा लागतो आणि खाली आईचं नाव. दामिनीनं ओढ्याकाठी एकटीनं बसून आईचं नाव टाइप केलं, आणि आईच्या नावाखाली जे उघडलं त्यात बाकीचे सगळे विषय सुटले होते आणि फिजिक्समध्ये ती नापास होती. थोडक्यात नाही, चांगलीच आपटली होती.

घरी गेली तेव्हा हौसा अंगणात लाकडं रचत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "पास झाली का गो?"

"झाली," दामिनी म्हणाली.

बस, एवढंच. खोटं बोलायचं तिनं काही ठरवलं नव्हतं. पण आईचे हात लाकडांत होते, घामानं चेहरा डबडबला होता, आणि त्या चेहऱ्याला 'नाही' सांगायला दामिनीची जीभ उचलली नाही. रात्री दामूला फोनवर तेच सांगितलं. मनाशी हिशेब केला, जुलैत पुरवणी परीक्षा आहे, त्यात फिजिक्स काढून टाकू, कुणाला कळायचं कारणच नाही. एकट्या भूमिकाला खरं माहीत होतं. तिनं शपथ घेतली की मी कुणाला सांगणार नाही, पण तू आईला सांग. दामिनी म्हणाली, सांगते. आणि दिवस ढकलत राहिली.

एवढ्यावर निभावलं असतं हो. पण सीईटीचा निकाल आला आणि दामिनीला ब्याण्णव पर्सेंटाइल. भूमिकाला तिच्यापेक्षा बरंच कमी. ब्याण्णव हा आकडा गावात कसा पसरला, सांगता सोय नाही. दामूनं टेम्पोवाल्या सगळ्या दोस्तांना पेढे वाटले. टोकावड्याच्या ढाब्यावर म्हणे चहावाल्यानं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. सावळीचं तोंड जरा उतरलं, आपली पोर मागे राहिली म्हणून. आणि हौसानं बोकडाच्या गळ्यात नवीन दोरी बांधली.

दामिनी घाबरली. म्हणाली, आई, आत्ता नको, ॲडमिशन झाल्यावर करू ना नवस. हौसाला हे पटेना. सगळ्यात मोठी परीक्षा पास झाली, आता ॲडमिशनचं काय अडलंय? आणि एकदा आवणी लागली, भातलावणीत गाव गुंतलं, की जेवायला माणूस कुठून आणायचा? शिवाय देवीला ताटकळत ठेवायचं नसतं. तिनं असं भराभर सगळं सांगितलं आणि मसाला कुटायला कोण कोण येणार ते मोजायला बसली. त्या वेळी तरी दामिनीनं तोंड उघडायचं होतं. किती सोपं होतं! 'आई, माझा एक विषय राहिलाय.' पाच शब्द. पण ही मुकाट्यानं उठली आणि लसूण सोलायला बसली.

त्यांच्या गावात नवस फेडायची एक रीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं देवीपुढे उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, काम झालं म्हणून सांगायचं. दुसऱ्यानं सांगून चालत नाही. मग भगत बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतो, बोकडानं अंग झाडलं की देवीनं घेतला. तोवर सुरीला हात लावायचा नाही.

सगळं गाव देवीच्या झाडाखाली जमलं होतं. भगत ज्ञानेश्वर, अंगानं काटकुळा, बोलायला मवाळ माणूस. त्यानं विचारलं, "काम झालं का बाय?"

दामिनीनं शेंदराच्या त्या दगडाकडे बघितलं. मग भूमिका कुठे आहे ते बघितलं. ती पाठीमागे बायकांत उभी होती, खाली बघत. लोकांना वाटलं, पोरगी लाजते. हौसानं मागून तिच्या कमरेला हात लावला आणि हळूच म्हणाली, बोल गो.

"झालं," दामिनी म्हणाली.

ज्ञानेश्वरनं पाणी शिंपडलं. बोकड आपला उभा. पुन्हा शिंपडलं. बोकडानं कान हलवला आणि पुढ्यातला पाला खायला लागला. माणसं कुजबुजायला लागली. दामिनीला वाटलं, देवीला कळलंय, आता देवी सांगणार, आता सगळ्यांसमोर उघडी पडणार मी. आणि खरं सांगायचं तर तिला मनातून तेच हवं होतं, की आपल्या तोंडून नाही निघत तर बोकडानं सांगून टाकावं. तिसऱ्यांदा ज्ञानेश्वरनं लोटाभर पाणी बोकडाच्या पाठीवर ओतलं. लोटाभर गार पाणी पडल्यावर कुठला बोकड अंग झाडणार नाही? त्यानं झाडलं. हौसानं हात जोडून डोळे पुसले आणि गाव मोकळं हसलं.

मटण फर्मास झालं होतं म्हणतात. दामिनीच्या पानात आग्रहानं काळजाचे तुकडे पडले. तिनं ते खाल्ले. प्रत्येक घासाला तिला स्वतःची किळस येत होती आणि तरी खाल्ले, कारण न खाल्ले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

त्यानंतर पुरवणी परीक्षा. आवणीच्या चिखलातून घरी येऊन ती पुस्तक घेऊन बसायची खरी, पण दोन वर्षांचं फिजिक्स महिन्याभरात पोटात जात नाही. भीतीनं केलेला अभ्यास तो, पानावर नजर आणि डोक्यात बोकड. पुन्हा नापास. या वेळी थोडक्यात, पण नापास ती नापासच.

तिकडे भूमिकाला कमी मार्कांवरही एका कॉलेजात जागा मिळाली. ती निघाली त्या दिवशी सावळीनं तिची बॅग दारात आणून ठेवली होती आणि हौसा ती ओट्यावरून कौतुकानं बघत होती. बघता बघता दामिनीला म्हणाली, आपली बॅग कधी भरायची? ब्याण्णववाल्यांना आधी बोलवायला पायजे खरं तर.

तेव्हा दामिनी आईच्या शेजारी बसली आणि बोलली. रडत नव्हती. एकदाचं सांगून टाकलं, की मी बारावीलाच फिजिक्समध्ये नापास आहे, आता परत नापास झाले, तो विषय सुटल्याशिवाय ॲडमिशन मिळत नाही.

हौसाला हे समजायला वेळ लागला. मोठी परीक्षा पास आणि लहान परीक्षा नापास, हे कुणाच्या डोक्यात बसेल सांगा? तिनं विचारलं, "हे तुला कधीपासून ठाऊक?"

"आधीपासून."

"बोकड कापला तवा?"

"तेव्हापण."

दामिनीला वाटत होतं, आई मारील, शिव्या घालील, निदान डोकं आपटून घेईल. यातलं काही झालं असतं तर बरं वाटलं असतं तिला. हौसा उठली, पाय धुतले, आणि एकटीच देवीच्या झाडाकडे गेली. बऱ्याच वेळानं आली. येऊन धुतलेलं लुगडं नेसली आणि दामिनीला म्हणाली, चल. कुठे, असं विचारायची दामिनीची छाती झाली नाही.

हौसा आधी गेली म्हाताऱ्या बाळीकडे. बाळी अंगणात बसून नाचणी पाखडत होती. हौसानं वर न चढता उंबऱ्याखालीच उभं राहून हात जोडले.

"त्या दिवशी आमी तुमाला जेवण घातलं ते चुकीचं घातलं," ती म्हणाली. "पोरीचं काम झालंच नव्हतं. ती मला सांगत होती, आई, एक विषय राहिलाय म्हणून. माझ्या अडाणी टाळक्यात शिरलं नाय. देवीपुढं पण मीच तिला बोलाय लावलं. दोष लागंल तो माझ्यावर, तुमच्यावर नाय."

दामिनीनं आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत नव्हती.

म्हातारी बाळी म्हणाली, अगो असू दे, चालायचंच, आपल्याला कुठे कळतात त्यांच्या परीक्षा. आणि वर हसून म्हणाली, मटण मात्र झकास होतं.

मग पुढचं घर. तेच हात जोडणं, तेच शब्द. मग त्याच्या पुढचं. गावात कुठे हसले, कुठे गप्प राहिले. एका घरी पाणी विचारलं, एका घरी विचारलं नाही. ज्ञानेश्वर भगतानं सांगितलं की खाणाऱ्याला काही दोष नाही, पण देवीचं देणं तसंच उभं आहे, काम खरोखर होईल तेव्हा दुसरा बोकड द्यावा लागेल. हौसा म्हणाली, देईन. प्रत्येक उंबऱ्याशी दामिनीच्या मनात येई, आता बोलायचं, इथे बोलायचं, की ही खोटं सांगतेय, मी हिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आणि प्रत्येक उंबऱ्यावरून ती तशीच पुढे जाई, आईच्या पाठीमागून, ओढलेल्या शेरडासारखी.

सावळीचं घर राहिलं होतं. सावळीनं ऐकून घेतलं आणि मग तोंड सोडलं. भूमिकाच्या कमी मार्कांचा सल होता ना मनात! "शिकलेली पोर सांगते तर ऐकावं गो, हौसा. नुसती घाई. आपण अडाणी ते अडाणी, निदान पोरीचं तरी ऐकायचं होतंस. पोरीला पण गावापुढं खाली बघाया लावलंस."

हौसा मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच माझं."

दारात भूमिका उभी होती, नवे कपडे घालून, निघायच्या तयारीत. तिनं दामिनीकडे असं बघितलं की दामिनीला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ती एकच होती त्या गावात जिला ठाऊक होतं की हौसा खोटं बोलते आहे आणि कुणासाठी बोलते आहे. तरी दामिनीच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं नव्हतं."

"मला काय म्हायत नाय?" हौसा लुगडं बदलत म्हणाली. "देवीला खरं काय ते सांगून आले मी आधीच. गावाला सांगितलं ते येगळं. मी अडाणी हाय, मला हसले तर हसले, माझं काय जातंय. तू खोटारडी ठरलीस तर उद्या तुझ्या हातची गोळी कोण घेईल इथं?"

आणि ती भाकऱ्या थापायला बसली. दामू टेम्पो घेऊन आला तेव्हा त्यालाही हौसानं तीच गोष्ट सांगितली. दामू सहसा तिला उलटून बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला. नीट विचारून घ्यायचं होतंस, सगळ्या लाइनीवर माझी लाज गेली, असं बरंच बोलला. दामिनी भिंतीशी बसून ऐकत होती. नवऱ्याची बोलणी खाणाऱ्या आईकडे बघत होती आणि गप्प होती. आधी खोटं बोलली होती तेव्हा भीती होती, पुरवणीचा भरवसा होता, काही ना काही निमित्त होतं. आता निमित्त कसलं? आता निव्वळ भित्रेपणा होता, आणि हे तिला स्वच्छ कळत होतं. एखादी पोर आईला तोंडघशी पाडून वर तिच्याच आडोशाला बसते, ती पोर मी, असं ती स्वतःला म्हणायची.

गावाला तर विषयच मिळाला. हळदीच्या मांडवात बायका बसल्या की कुणीतरी हौसाची नक्कल करायचं. धसईच्या बाजारात भाजी लावून बसली की शेजारची म्हणायची, हौसा, भेंडी धरायच्या आधीच विकू नको गो. हौसा त्यांच्याबरोबर हसायची. चांगली पदर तोंडाला लावून हसायची. बाजूला टोपलीशी बसलेली दामिनी पैसे मोजून देताना चुकायची.

शेवटी ती शहापूरला मामाकडे राहायला गेली. तिथे क्लास लावला आणि फिजिक्सला पहिल्यापासून हात घातला, अगदी नववीच्या पुस्तकापासून. ढ वाटलं तर वाटू दे म्हणून पहिल्या बाकावर बसली. न कळलेलं तीन-तीनदा विचारलं. मागची पोरं हसायची. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिच्या वाटणीचं हसू तिकडे तिची आई रोज झेलत होती. फेब्रुवारीत तिनं फिजिक्सचा पेपर दिला आणि चांगली सुटली. सीईटी पुन्हा दिली, त्यात या वेळी प्रत्येक प्रश्न वाचला. मार्क मागच्यापेक्षा थोडे कमीच पडले, पण जागा मिळाली.

या वेळी हौसानं अजिबात घाई केली नाही. ॲडमिशन होऊ दिली, वर्ग सुरू होऊ दिले, दिवाळीच्या सुट्टीत दामिनी गळ्यात कॉलेजचं कार्ड घालून घरी आली, ते कार्ड हातात घेऊन तिनं फोटो बघितला, आणि मगच दुसरा बोकड देवीपुढे उभा केला. ज्ञानेश्वरनं विचारलं, दामिनीनं खणखणीत आवाजात सांगितलं. बोकडानं पहिल्याच पाण्याला अंग झाडलं.

पंगत बसली. दामिनी भात वाढत होती. हौसा रश्श्याचं भांडं घेऊन तिच्या पुढे चाललेली. तेवढ्यात कुणीतरी पंगतीतून ओरडलं, "हौसा, पोरीला नीट विचारलंस ना गो ह्या टायमाला?" पंगत खदखदून हसली. दामूही हसला. आणि हौसा, हातात जड भांडं, कपाळावर घाम, तीही हसली आणि म्हणाली, विचारलंय बाबा, दोनदा विचारलंय.

दामिनीनं भाताची परात खाली ठेवली.

"आईला हसू नका," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "आईनं काय चूक केली नव्हती. मी तिला सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं मी नापास आहे, आणि मी घरात खोटं बोलले, देवीपुढे खोटं बोलले. आई घरोघर फिरली ती मला वाचवायला फिरली. खोटारडी मी होते."

हौसा भांडं धरून जागच्या जागी थांबली होती. दामिनीला वाटलं, झालं, सुटले मी. आता काय बोलायचं ते बोला, थुंका माझ्यावर.

म्हातारी बाळी पदरानं डोळे टिपायला लागली. म्हणाली, "पोर असावी तर अशी गो. आईचं हसं होतं ते बघवलं नाय, सगळं आपल्या अंगावर घेतलंन."

"खरंच ना," आणखी कुणीतरी म्हणालं. "शिकाया गेली, पण आईला विसरली नाय."

दामिनी म्हणाली, अहो नाही, खरंच तसं झालं होतं. तिनं भूमिकाकडे बघितलं. तीही सुट्टीला आली होती, पंगतीत बसली होती. भूमिका उठून उभी राहिली आणि म्हणाली, ती सांगते ते खरं हाय, मला पयल्यापासून म्हायत होतं. त्यावर लोकांनी मान डोलावली. मैत्रीण असावी तर अशी, म्हणाले. दामूनं तोंड फिरवून डोळे पुसले. लेकीचा त्याला किती अभिमान वाटत होता ते कुणालाही दिसत होतं.

दामिनी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाली, की मी खोटं नाही बोलत आहे. तोवर माणसं जेवायला लागली होती. ज्या सावळीनं वर्षापूर्वी दारात हौसाला फाडून खाल्लं होतं ती पानावरून उठली, हात धुऊन आली आणि तिनं दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "कळलं गो बाय, सगळं कळलं आमाला," ती म्हणाली. "देवी तुझं भलं करील. असंच आईला जप."

तिचा हात ओला होता आणि तो तिनं बराच वेळ तसाच ठेवला. त्या हाताखालून दामिनीला मान काही वर करता आली नाही.